इंधन बदललं, उधळपट्टी तशीच

पेपर मिलच्या ऊर्जेचा विषय निघाला की हल्ली एक उत्तर तयार असतं. बॉयलरमधला कोळसा बंद करा, शेतातला भुसा, तूस, ब्रिकेट घाला, म्हणजे प्रश्न मिटला. कोळसा दुरून रेल्वेनं येतो, भुसा शेजारच्या गावातून. कोळशाच्या धुरानं हवामान बिघडतं, भुशाचा धूर पुढचं पीक शोषून घेतं. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि मिलला स्वस्त वाफ. मालक हे सांगतात, बॉयलर विकणारे सांगतात, उद्योग-परिषदांच्या व्यासपीठावरूनही हेच ऐकू येतं. मध्य प्रदेशातल्या देवास आणि धार जिल्ह्यांच्या पट्ट्यात तर हा युक्तिवाद विशेष जोरात चालतो. सोनकच्छ तहसीलीत खरिपात नजर जाईल तिथवर सोयाबीन असतं, रब्बीत गहू आणि हरभरा. कालीसिंध नदीच्या दोन्ही अंगांना एवढं काड निघत असताना पेपर मिलनं वाफेची चिंता का करावी, असा सवाल केला जातो.

या सवालाला सविस्तर उत्तर द्यायची वेळ आली आहे. माझा विरोध भुशाला नाही. भुसा जाळला की ऊर्जाबचत झाली, या समजुतीला आहे. इंधन बदलणं आणि उष्णता वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं झालं म्हणून दुसरं सोडून देणाऱ्या मिला मी पाहिल्या आहेत. त्यांच्या ड्रायरखाली कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं गरम पाणी, गटारात वाहत असतं आणि दारावर हरित कारखान्याची पाटी असते.

आधी वाफ जाते कुठे ते पाहू. कागद पाण्यात तयार होतो आणि पाणी काढून पूर्ण होतो. हेडबॉक्समधून वायरवर, म्हणजे फिरत्या जाळीवर, पडणाऱ्या लगद्यात तंतू जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी असतात. म्हणजे एक किलो कागदासाठी शंभराहून अधिक किलो पाणी वायरवर येतं. त्यातलं बहुतेक पाणी स्वतःच्या वजनानं आणि व्हॅक्यूमनं खाली गळतं. वायर सोडताना कागदाचा कोरडेपणा सुमारे २० टक्के असतो. पुढे प्रेसचे रोल आणि फेल्ट मिळून तो ४० ते ५० टक्क्यांपर्यंत नेतात. त्यानंतर उरलेलं पाणी ड्रायरमध्ये वाफेनं उडवायचं. मशीनवर येणाऱ्या एकूण पाण्याचा हा एक-सव्वा टक्का, पण मिलची बहुतेक वाफ याच सव्वा टक्क्यात खर्च होते.

आता हिशेब मांडू. तयार कागदाचा कोरडेपणा ९४ टक्के धरा. प्रेसमधून कागद ४२ टक्क्यांवर बाहेर पडला, तर प्रत्येक टन कागदामागे १,२४० किलो पाणी उडवावं लागतं. तोच कागद ४८ टक्क्यांवर बाहेर पडला, तर ९६० किलो. सहा टक्क्यांच्या फरकानं ड्रायरचं काम जवळपास पाव हिश्श्यानं कमी झालं. प्रेसनंतरचा कोरडेपणा एका टक्क्यानं वाढला की ड्रायरची वाफ साधारण ४ टक्क्यांनी घटते, हा या धंद्यातला जुना ठोकताळा याच आकड्यांतून येतो. चादर न पिळता दोरीवर टाकायची आणि वर पंखा लावायचा, असं घरात कुणी करत नाही. मिलमध्ये मात्र प्रेस दुबळा ठेवून ड्रायरचा दाब वाढवणं हा रोजचा शिरस्ता झाला आहे.

तो का झाला, हे समजून घेतलं पाहिजे, कारण मूळ दुखणं तिथे आहे. प्रेसचं फेल्ट म्हणजे लोकरीसारखं जाड, सच्छिद्र कापड. ते नवं असताना पाणी नीट ओढतं. रद्दीतल्या चिकट कणांनी, मातीनं, स्टार्चनं त्याची छिद्रं बुजत जातात. वेळच्या वेळी धुतलं, सक्शन बॉक्सनं ओढून स्वच्छ ठेवलं आणि आयुष्य संपल्यावर बदललं, तर प्रेस चांगला चालतो. पण फेल्टची खरेदी स्टोअरच्या खात्यात लागते आणि वाफेचा खर्च बॉयलरच्या. खरेदीवाला फेल्ट आणखी पंधरा दिवस ओढला म्हणून शाबासकी घेतो. त्या पंधरा दिवसांत बॉयलरनं किती जादा इंधन खाल्लं, याची नोंद त्याच्या वहीत नसते आणि बॉयलरवाल्याच्या वहीत फेल्ट नसतं. इंधन स्वस्त झालं की ही दोन खाती एकत्र बसवून बघायची गरजच कुणाला वाटत नाही. माझा पहिला आक्षेप हा आहे. स्वस्त भुसा मिलमधल्या आळसाला संरक्षण देतो.

सहाच्या सहा टक्के फुकट मिळत नाहीत, हे मान्य. फेल्टची निगा आणि लगद्याचं तापमान सांभाळून दोन-तीन टक्के पदरात पडतात. पाणी गरम असलं की त्याचा चिकटपणा कमी होतो आणि ते प्रेसमध्ये सहज सुटतं. उरलेल्या टक्क्यांसाठी चांगला प्रेस, परवडत असेल तर शू प्रेस, बसवावा लागतो आणि त्याला पैसा लागतो. पण तो पैसा मिलनं एकदाच घालायचा असतो. भुशाच्या ट्रकला मात्र रोज घालावा लागतो.

कंडेन्सेटची गोष्ट याहून सोपी आहे आणि म्हणूनच तिच्याकडे होणारं दुर्लक्ष जास्त अक्षम्य. तीन किलो दाबाची वाफ सुमारे १४३ अंशांवर असते. तिच्या प्रत्येक किलोत साधारण ६५० किलोकॅलरी उष्णता असते. त्यातल्या ५१० ड्रायरच्या सिलिंडरला मिळतात आणि वाफेचं पाणी होतं. त्या गरम पाण्यात उरलेल्या १४४, म्हणजे एकूण उष्णतेचा पाचव्या हिश्श्याहून जास्त वाटा, तसाच असतो. हे पाणी बॉयलरकडे परत आलं पाहिजे. ते शुद्ध असतं, त्यात पुन्हा फारशी रसायनं घालावी लागत नाहीत. बॉयलरच्या फीड वॉटरचं तापमान ६ अंशांनी वाढलं की इंधनात साधारण एक टक्का बचत होते. कंडेन्सेट परत आणून फीड वॉटर ३० अंशांवरून ९० अंशांवर नेलं, तर दहा टक्के इंधन वाचलं. त्यासाठी लागतात पाइप, एक टाकी, एक पंप, पाइपांवर उष्णता धरणारं लॅगिंग आणि वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे, नीट चालणारे स्टीम ट्रॅप. अडकून उघडा राहिलेला ट्रॅप जिवंत वाफ सोडत राहतो. बंद अडकला तर सिलिंडरमध्ये पाणी साचतं. फिरत्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीला हे पाणी कड्यासारखं लागून राहतं आणि वाफ व लोखंड यांच्यामध्ये आडवं येतं. मग कागद ओला निघतो आणि ऑपरेटर दाब वाढवतो. खरं तर ट्रॅप किंवा सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढणारा सायफन दुरुस्त करायला हवा होता. यातलं काहीही भुसा जाळल्यानं बदलत नाही.

समोरची बाजू यावर म्हणेल, ठीक आहे, वाफ थोडी वाया जाते, पण ती भुशाची आहे, कोळशाची नाही. कार्बनच्या हिशेबात जैवइंधनाचा धूर शून्य धरतात, मग बिघडलं काय? बिघडतं ते सांगतो.

जुनी खोकी आणि पुठ्ठा घेऊन रोज १०० टन क्राफ्ट कागद करणारी एक मिल डोळ्यांसमोर आणा. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांना खोकी लागतात, त्यामुळे असा कागद या भागात खपतो. तिला टनामागे अडीच टन वाफ लागते असं धरू. ढिसाळ मिलमध्ये हे अगदी शक्य आहे. म्हणजे रोज २५० टन वाफ. बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के आणि भुशाचा उष्मांक किलोमागे ३,३०० किलोकॅलरी धरला, तर रोज साधारण ६० टन भुसा लागेल. वर्षाचे ३३० दिवस मिल चालली तर जवळपास २० हजार टन. हेक्टरी एक टन काड हाती येतं असं मानलं, तर २० हजार हेक्टर, म्हणजे २०० चौरस किलोमीटर शेतजमिनीचं सगळंच्या सगळं काड एका मिलच्या भट्टीत जाणार. आणि मिल काही एकच नसते. सोयाबीन तेलाच्या गिरण्या, डाळ मिला, औषध कारखाने, सगळ्यांनाच भुशाचा बॉयलर हवा आहे.

हे काड रिकामं पडलेलं नसतं. गव्हाचा भुसा ही माळव्यातली मुख्य वैरण. हरभऱ्याचं आणि सोयाबीनचं कुटारही जनावरं खातात. मिलचा दलाल खळ्यावर येऊन रोख पैसे मोजू लागला की भुशाचा भाव वाढतो. ज्याच्याकडे जमीन नाही पण दोन म्हशी आहेत, त्याला तो भाव पहिल्यांदा टोचतो. मिलच्या ताळेबंदात स्वस्त वाटणारं इंधन त्याच्या गोठ्यात महाग झालेलं असतं.

इथे नरवाईचा, म्हणजे शेतातली धसकटं जाळण्याचा, मुद्दा पुढे येतो आणि तो खोटा नाही. हार्वेस्टरनं गहू कापला की शेतात धसकटं उरतात आणि अनेक शेतकरी ती पेटवून देतात. त्यात माती भाजते, धूर होतो, कधी शेजारचं उभं पीक जळतं. शेतात जाळण्यापेक्षा बॉयलरमध्ये जाळलेलं बरं, यात वाद नाही. पण ती धसकटं थोड्या दिवसांत कापून, गोळा करून, गठ्ठे बांधून आणायला डिझेल आणि मजूर लागतात. एवढ्या कष्टानं आणलेल्या उष्णतेचा मोठा वाटा गळक्या ट्रॅपमधून आणि उघड्या पाइपांवरून घालवायचा असेल, तर त्या शेतकऱ्यावर कसले उपकार झाले? इंधन जितकं कष्टानं येतं, तितकी त्याची वाफ जपून वापरली पाहिजे. भुसा कोळशापेक्षा जास्त काटकसर मागतो.

शिवाय भुसा जाळणं सोपंही नाही. काडात पोटॅशियम जास्त असतं. त्याची राख कमी तापमानाला मऊ होते आणि नळ्यांना चिकटते. नळ्यांवर थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, धुराड्यातून जाते. धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्यानं घसरते. पावसाळ्यात ओल्या भुशातली बरीच उष्णता स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते. कोळशावर जेमतेम चालणारी भट्टी भुशावर नेली आणि तिची सफाई, हवेचं प्रमाण, साठवणुकीची शेड यांकडे लक्ष दिलं नाही, तर इंधन बदलून उलट कार्यक्षमता घटते.

स्वस्त माल कधी संपणार नाही, हा भरवसा कागद उद्योगाच्या इतिहासात याआधीही फसला आहे, म्हणून माझ्या मनात इतकी काळजी आहे. कर्नाटकातल्या दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५०च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. उत्तर कन्नडच्या जंगलातला बांबू तिला टनाला दीड रुपया दरानं देण्यात आला. बुरुडांना तोच बांबू बाजारात कित्येक पटींनी जास्त भावानं घ्यावा लागत होता. बांबू कधी संपणारच नाही, असे साठ्याचे अंदाज होते. १९७०च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रानात फिरून मोजमाप केलं, तेव्हा साठे फुगवलेले असल्याचं आणि बांबूची बेटं झपाट्यानं उजाड होत असल्याचं दिसलं. पुढे मिलला दूरदूरच्या राज्यांतून कच्चा माल आणावा लागला. दीड रुपये टनाच्या बांबूनं त्या मिलला काटकसर शिकवली नाही, कारण त्या भावात काटकसरीला काही किंमतच नव्हती.

आपल्या शेजारचं उदाहरण नेपानगरचं. १९४७ साली खाजगी कंपनी म्हणून सुरू झालेला हा प्रकल्प नागपूरहून चालणाऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारनं आपल्याकडे घेतला. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. देशाला स्वतःचा न्यूजप्रिंट देणारी ही पहिली मिल होती. बुऱ्हाणपूर-खंडवा भागातल्या मराठी माणसांच्या पिढ्या तिच्यावर जगल्या. निमाडच्या जंगलातली सालई आणि बांबू तिला कायम पुरतील, या भरवशावर ती उभी केली होती. तो भरवसा टिकला नाही आणि मिलला रद्दीकडे वळावं लागलं. सालई संपेल असं १९५५ मध्ये कुणाला वाटलं नव्हतं. सोनकच्छच्या भुशाबद्दल आज तीच खात्री बोलून दाखवली जाते.

पाण्याचा मुद्दा वेगळा वाटतो, पण तोही वाफेचाच आहे. १९९० च्या उन्हाळ्यात देवासला इंदूरहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. २००६ पासून याच जिल्ह्यात उमाकांत उमराव कलेक्टर असताना शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली आणि ती रेवासागर या नावानं ओळखली गेली. जिथं शेतकरी स्वतःची जमीन देऊन पाणी धरतो, तिथं कारखान्यानं वायरखाली गळलेलं कोमट पाणी, म्हणजे व्हाइट वॉटर, सांडपाणी प्रक्रियेकडे (ईटीपी) सोडून नळीतून पुन्हा गार पाणी घ्यावं, हे मला पटत नाही. हे गार पाणी तसंच चालत नाही, त्याला मशीनच्या तापमानावर आणावं लागतं. टनामागे १० घनमीटर ताजं पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला २ लाख किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळपास ३७० किलो वाफ. पाणी गाळून पुन्हा फिरवलं आणि ताज्या पाण्याचा वापर निम्म्यावर आणला, तर १८५ किलो वाफ वाचते. उडवायच्या दर किलो पाण्याला १.४ किलो वाफ धरली, तर वर सांगितलेल्या प्रेसच्या सुधारणेतून ३९० किलो वाचतात. दोन्ही मिळून अडीच टनांचे १.९ टन होतात आणि भुशाचा खप दिवसाला सुमारे १४ टनांनी, वर्षाला साडेचार हजारांहून अधिक टनांनी उतरतो. कंडेन्सेटची बचत यात अजून धरलेलीच नाही.

छोट्या मिलला हे जमणार नाही, असं म्हणणारे एका कायद्याच्या आडोशाला उभे असतात. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली केंद्रानं 'परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड' ही योजना आणली. तिची पहिली फेरी २०१२-१३ ते २०१४-१५ अशी चालली आणि कागद उद्योगातल्या ३१ मिलांना ऊर्जा-बचतीची उद्दिष्टं मिळाली. पण त्यात येण्यासाठी मिलचा वार्षिक ऊर्जावापर ३० हजार टन तेलाइतका असावा लागत होता. आपण धरलेली १०० टनांची मिल, विजेसकट, सात-आठ हजारांच्या आसपास येते. म्हणजे कायद्यानं तिला कधी विचारलंच नाही. विचारलं नाही म्हणून मोजलं नाही आणि मोजलं नाही म्हणून वाया जाणारं दिसलं नाही. मोठ्या मिला जन्मतः कार्यक्षम असतात आणि छोट्या जन्मतः उधळ्या, हा निष्कर्ष यातून निघत नाही. मोठ्या मिलांना मोजावं लागलं, एवढाच निघतो.

भांडवल नाही ही सबब अर्धी खरी आहे. उंच दाबाचा बॉयलर आणि बॅक-प्रेशर टर्बाइन घ्यायचा तर मोठं कर्ज लागतं. मात्र त्यात काय मिळतं तेही सांगायला हवं. तासाला दहा टन वाफ ४२ किलो दाबावर तयार करून, टर्बाइनमधून काढून, मग ड्रायरला तीन-साडेतीन किलोवर दिली, तर वाटेत सुमारे एक मेगावॅट वीज मिळते. आज बहुतेक छोट्या मिला दहा किलोची वाफ प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्हमधून तीन किलोवर आणतात. दाबातली शक्ती त्या व्हॉल्व्हमध्ये कुणाच्याही कामी न येता संपते. टर्बाइन परवडत नसेल, तर नको. पण ट्रॅप तपासायला, लॅगिंग लावायला, फेल्ट वेळेवर बदलायला आणि कंडेन्सेटचा पाइप ओढायला कर्जाची गरज नाही. ज्या मिलनं भुशाच्या नव्या बॉयलरसाठी कोटींचं कर्ज उचललं, तिनं पाइपाला पैसे नाहीत म्हणू नये.

आणि हुड. ड्रायरवर बंदिस्त हुड नसला की वाफाळलेली हवा शेडभर पसरते. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतात. मशीनच्या ड्रायर बाजूला उभ्या माणसाला त्याहून बराच जास्त उष्मा आणि दमट कोंडमारा सोसावा लागतो. हुड बसवला की थोडी हवा जास्त ओलावा घेऊन बाहेर जाते, बाहेरची गार हवा तापवावी लागत नाही आणि निघालेल्या हवेतली उष्णता परत घेता येते. या एकाच कामात वाफही वाचते आणि कामगाराचं शरीरही. तरी ते टळत राहतं, कारण त्याचं छायाचित्र नव्या बॉयलरइतकं उठून दिसत नाही. त्या शेडमध्ये आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसांच्या वतीनं मी हे लिहितो आहे आणि त्यांच्या घामाला इंधनाच्या हिशेबात कुठेतरी जागा मिळाली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

राज्य सरकारला भुशाच्या बॉयलरला सवलत द्यायची असेल तर द्यावी. मात्र अर्जासोबत चार आकडे सक्तीनं मागावेत. प्रेसनंतरचा कोरडेपणा किती टक्के, कंडेन्सेट किती टक्के परत येतं, टन कागदामागे वाफ किती टन आणि ताजं पाणी किती घनमीटर. हे आकडे दर तीन महिन्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात लावावेत, म्हणजे शेजारच्या दोन मिलांची तुलना कुणालाही करता येईल. मोजायला लागणारी साधनं महाग नाहीत. प्रेसनंतरच्या कागदाचा तुकडा कापून, तोलून, ओव्हनमध्ये वाळवून, पुन्हा तोलायचा. एवढं काम मिलच्या प्रयोगशाळेतला कुठलाही मुलगा एका शिफ्टमध्ये करतो. तो आकडा लॉगबुकात लिहिला गेला आणि त्याच पानावर त्या दिवशीचा भुशाचा खप लिहिला गेला, तर फेल्ट कधी बदलायचं हे खरेदी विभागाला कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.